आणि वारा

कुडचड्याला, रेल्वे फाटकाच्या अलीकडे,
'शाबा वेळीप, मंडप कॉन्ट्रॅक्टर'
हा बोर्ड मीच रंगवला होता, तांबड्या अक्षरांत.
पैसे घेतले नाहीत.
भाचीच्या बारशाला त्याने कनात फुकट बांधली.

सोमवारी नितेशने बोलावलं.
मामा, यावर पांढरा मारा.
आता नुसतं 'इव्हेंट्स'. वळणदार. सोनेरी.
आणि बाबांचं नाव?
जागा कुठे उरते, मामा.

घरी कागदावर काढून पाहिलं.
'व्ह'चा जोडलेला गुडघा,
डोक्यावर मात्रा, मात्रेपाशी टिंब,
पाय मोडलेला 'ट'
आणि त्याला टेकू दिल्यासारखा 'स'.
तीस वर्षं अक्षरं विकून जेवलो,
पण अर्थ ठाऊक नसला
की अक्षर हातातून सरळ उतरत नाही.

म्हणून पोदेराच्या सायकलीपाशी
फादर लिबेरातोंना विचारलं.
सेमिनारीतलं लॅटिन त्यांनी
पावाच्या पिशवीसोबत तिथेच उघडलं.
'ए' म्हणजे बाहेर. 'वेनीरे' म्हणजे येणं.
पूर्वी निकालाला म्हणत असत हा शब्द:
लढाईला नव्हे,
लढाईतून शेवटी जे बाहेर आलं त्याला.
पुढे लढाईलाच म्हणू लागले.
"आणि आता," पाव चाचपत ते म्हणाले, "केक कापण्याला."

आपली घटना कशी, घडवलेली.
सांधे जुळवून, खुंट्या ठोकून उभी केलेली,
देशाचीसुद्धा.
यांची मात्र कुठून तरी बाहेर पडते
आणि मग माणसं धावतात.

दुसऱ्या दिवशी मी शिडीवर,
खडूने नुसता आकार धरलेला.
समोरच्या बाल्कांवातून एस्मेराल्दाबाय,
पोर्तुगीज शाळेत चार बुकं शिकलेली,
चष्मा कपाळावर, मोठ्याने वाचते:
"इ व्हेन्तु!"
इ म्हणजे आणि. व्हेन्तु म्हणजे वारा.
"आणि वारो," बाय म्हणाली,
"पूण आदीं कितें आशिल्लें रे, वाऱ्या आदीं?"

फादर म्हणतील, चूक.
असेल.
पण माझ्या हातातला खडू थांबला.

कारण सावर्ड्याचं ते लग्न.
वैशाखाची दुपार, मंगलाष्टकांची चौथी ओळ,
आणि वारा.
अख्खा मंडप घोड्यासारखा
मागच्या पायांवर उभा राहिला.
बांबूला मिठी मारलेला शाबा
दोन पुरुष वर गेला
आणि माडाच्या बुंध्याशी उतरला,
कोपरात हात उलटा.
मग घराघरांतून माणसं आली.
न बोलावलेली. बांधावरून कोर्टात गेलेलीसुद्धा.
दोऱ्या धरून उभी राहिली
सप्तपदी संपेपर्यंत.
नवरीचा बाप कपाळ बडवत होता, काय हा प्रसंग!
आणि शाबा, एका हाताने दुसरा सावरत:
"शेट, मंडपाचेच पैसे द्या.
वाऱ्याचे मी लावले नाहीत."

तो आत बसला होता काल,
तेच कोपर मांडीवर घेऊन,
स्वतःच्या नावावर पांढरा ब्रश फिरताना बघत.
बोलला काही नाही.
दोन चहा मागवले, आणि 'वे'वर पोचलो तेव्हा
फक्त एवढंच: "हा बरा जमला होता तुला."

मी खाली अस्तर दिलं नाही.
पांढऱ्याचा एकच हात, तोही पातळ.
नितेशला सोनेरी चमकलं की पुरे.
बाकी इथलं ऊन आहे,
खाणीच्या ट्रकांची धूळ आहे.
चवथीपर्यंत पोपडे सुटतील,
आणि मोडक्या 'ट'च्या पायाखालून
तांबडा 'शा' डोकं वर काढील.

नितेश येईल भांडायला.
मामा, हें कितें जालें?

सांगेन,
इव्हेंट.